करंजदऱ्याचं उंच धुराडं

चिमाबाईंनी दोरीवरचं लुगडं काढलं, उजेडाकडे धरलं आणि पुन्हा बादलीत टाकलं. लुगड्यावर बारीक काळे कण बसले होते. झटकायला गेलं की ते फुटायचे आणि तेलकट रेघ उमटायची. दिवाळी झाली की करंजदऱ्यातल्या घराघरांत हेच सुरू व्हायचं. कपडे दोनदा धुवायचे, पाण्याच्या हंड्यावर फडकं बांधायचं आणि सकाळी उठल्यावर आधी पोटभर खोकायचं. माणसाला कशाचीही सवय होते. करंजदऱ्यालाही झाली होती.

निरगुडसरच्या पुढे, डोंगरांच्या कुशीत हे गाव. तीन बाजूंनी डोंगर आणि पूर्वेकडे तेवढी उघडी वाट. ऊस भरपूर, त्यामुळे गुऱ्हाळंही भरपूर. त्यांच्या शेजारी वीटभट्ट्या उभ्या राहिल्या, माल न्यायला ट्रक येऊ लागले, हमालांसाठी चहाच्या टपऱ्या झाल्या. गावातली माणसं कौतुकानं म्हणायची, "आमची बी एमआयडीसीच हाय की, राव!"

गावातलं सगळ्यात जुनं गुऱ्हाळ सयाजीरावांचं. त्यांच्या वडिलांच्या काळी, रस उकळायच्या मोठ्या काहिलीखालच्या चुलवणात उसाची चिपाडंच जळायची. रस काढून उरलेली चिपाडं उन्हात पसरायची, वाळवायची, गोळा करायची आणि जाळायची. वेळखाऊ काम होतं, पण धूर पांढरा आणि थोडा गोडसर वासाचा असायचा. पुढे कागदाचे कारखाने चिपाडं विकत घेऊ लागले. त्याच सुमारास एका भंगारवाल्यानं सयाजीरावांना नवं जळण दाखवलं. रबराची कात्रणं, बुटांचे तळ, गाद्यांचा फोम, तारांवरचं प्लास्टिक. एक पाटी टाकली की जाळ भडकायचा आणि काहिलीतला रस बघता बघता उकळायचा. वाळवणं नको, माणसं नकोत! सयाजीरावांनी पहिल्यांदा ते जाळलं आणि पुढच्या हंगामात सगळ्या गुऱ्हाळांच्या दारात रबराचे ढीग दिसू लागले.

ते रबर चुलवणात टाकण्याचं काम सावळेरामकडे होतं.

सावळेराम आणि त्याची बायको कोंडाबाई पश्चिमेकडच्या डोंगरातली. भात आणि नाचणी पिकवणारी माणसं. धरणाच्या पाण्यात त्यांचं गाव गेलं आणि काही कुटुंबं करंजदऱ्याच्या वरच्या उतारावर येऊन राहिली. गाव त्या घरांना वरची वस्ती म्हणू लागलं. पहिल्या वर्षी त्यांच्याकडे खायला नव्हतं, तेव्हा सयाजीरावांनी ज्वारीची पोती वर पोचवली होती. पुढे सयाजीरावांच्या पत्नी चिमाबाई विषमज्वरानं अंथरुणाला खिळल्या, तेव्हा कोंडाबाईनं महिनाभर त्यांची सेवा केली, त्यांची वेणीफणी केली, त्यांना हातानं भरवलं. तेव्हापासून दोघी बहिणींसारख्या झाल्या. दर बाजाराच्या दिवशी कोंडाबाई खाली उतरायची, पदराखाली नाचणीच्या भाकऱ्या नाहीतर कसली तरी रानभाजी घेऊन यायची आणि चिमाबाईंच्या चुलीपाशी बसून मनसोक्त बोलायची. तिला दमा होता. चढ चढताना ती थांबत थांबत जायची. "माजं इंजिन जुनं झालंय, बाई," असं म्हणून स्वतःच हसायची.

दोन हजार सहा सालची दिवाळी झाली आणि चिमाबाईंचा खोकला वाढला. गेल्या काही हिवाळ्यांत तो यायचा, पण या वेळी तो छातीत उतरला. सून तेजस्विनी त्यांना हवापालट म्हणून आपल्या माहेरी, बेल्ह्याला घेऊन गेली. तिथं आठवड्यात चिमाबाईंचा खोकला कमी झाला. परत आल्या आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा छाती वाजू लागली.

तेजस्विनी जवळच्या हायस्कुलात भूगोल शिकवायची. तिचा नवरा सूरज चाकणला कंपनीत नोकरीला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. त्यामुळे घरातलं दुखणंखुपणं तिच्याच लक्षात आधी यायचं. सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूबाईंना आत्या. त्या दिवशी जेवायला वाढताना ती म्हणाली,

"मामा, आत्यांचा हा खोकला थंडीचा नाही. बेल्ह्याला काय थंडी कमी आहे? उलट माळावर जास्तच बोचते. आजार इथल्या हवेत आहे."

"हवा काय आज बदलली व्हय?" सयाजीराव म्हणाले. "आन् पावसाळ्यात कुठं खोकला असतो? म्हंजी थंडीचाच की."

"पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद असतात, आणि डोंगरावरून वाराही असा येतो की सगळं धुऊन नेतो. उन्हाळ्यात दुपारी जमीन तापते, हवा वर जाते, धूर घेऊन जाते. पण थंडीत काय होतं? दिवस मावळला की डोंगरावरची हवा गार होते. गार हवा जड असते. ती उतारानं घरंगळत आपल्या दऱ्यात येऊन साचते आणि तिच्यावर उबदार हवा झाकणासारखी बसते. त्या झाकणाच्या वर धूर जाऊच शकत नाही. आपला हंगाम नेमका तेव्हाच सुरू होतो, मामा! वारा सुटीवर जातो आणि आपण चुलवण पेटवतो. तेही रबराचं."

सयाजीरावांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "शाळेत पोरांना शिकवायला ठीक हाय हे," ते म्हणाले. "इतकी वर्सं धूर निघतोय. कोण मेलं?"

पण त्याच आठवड्यात चिमाबाईंना असा दम लागला की ओठ निळे पडले. जीपमधून मंचरला न्यावं लागलं. डॉक्टरांनी औषध दिलं आणि स्पष्ट सांगितलं, "यांना धुरात ठेवू नका. छाती नाजूक झालीय."

सयाजीराव घाबरले. बायकोवर त्यांचा जीव होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी गवंडी बोलावला आणि गुऱ्हाळाचं धुराडं जवळपास दुप्पट उंच करायला सांगितलं.

तेजस्विनीनं त्यांना थांबवलं. "मामा, धुराडं वाढवून धूर संपत नाही, त्याची जागा तेवढी बदलते. जाळ बदला ना! चिपाडं विकू नका, पुन्हा जाळायला घ्या."

"यंदाची चिपाडं दिली बी विकून," सयाजीराव म्हणाले. "रबर भरून ठेवलंय. एवढा हंगाम जाऊ दे. पुढल्या साली बघू."

धुराडं उंच झालं आणि खरंच फरक पडला! धूर घरांच्या डोक्यावरून वर जाऊ लागला. दोरीवरची कापडं बऱ्यापैकी स्वच्छ राहू लागली. चिमाबाईंना झोप लागू लागली. बाकीच्या गुऱ्हाळवाल्यांनीही घाईघाईनं आपापली धुराडी वाढवली. ग्रामसभेत सयाजीरावांना शाल आणि नारळ देण्यात आला. "असा विचार करणारा मानूस गावाला पायजे," असं भिमाजी गुऱ्हाळवाल्यानं भाषणात सांगितलं. सयाजीरावांनी हात जोडले. तेजस्विनी मागे बायकांत बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

पौष लागला. थंडी वाढली, वारा पडला. चिमाबाईंच्या लक्षात आलं की कोंडाबाई दोन बाजार झाले तरी खाली आली नाही. त्यांनी सावळेरामला विचारलं, तर तो म्हणाला, "दम लागतोय तिला. उतरवत न्हाई."

त्या दिवशी काम संपल्यावर सावळेराम सयाजीरावांसमोर उभा राहिला.

"आण्णा, वर लई धूर व्हतोय आता. सकाळच्याला सूर्य दिसत न्हाई. आधी असं नव्हतं. कोंडा रातभर बसून काढती. तेवढं रबर बंद करता आलं तर बगा."

सयाजीराव गुळाच्या ढेपा मोजून घेत होते. व्यापाऱ्याचा टेम्पो उभा होता.

"आरं, वस्ती कुठं आन् धुराडं कुठं!" ते म्हणाले. "धूर आता आभाळात जातो. तुमच्याच चुलीचा असंल. ओली लाकडं जाळता तुमी लोकं."

सावळेराम तरी तिथंच उभा राहिला.

"बरं, हंगाम संपू दे," सयाजीराव जरा नरमाईनं म्हणाले. "मग काढू काहीतरी मार्ग."

"व्हय, आण्णा," सावळेराम म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चुलवणापाशी बसला आणि पाटीमागून पाटी रबर टाकत राहिला. काम सोडलं तर खायचं काय, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न सयाजीरावांनाही ठाऊक होता.

वाचकहो, सयाजीराव काही दुष्ट माणूस नव्हते. अडल्यानडल्याला त्यांनी मदत केली होती. पण आपल्या घरातला धूर गेला की धूर गेला, असं त्यांना वाटलं. आपल्यापैकी किती जणांना असंच वाटत असतं!

संक्रांतीच्या आदल्या दिवशी सकाळीच चिमाबाई हट्टाला पेटल्या. "माझ्या आजारात तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं. ती दोन बाजार आली न्हाई आन् मी हितं तीळ भाजत बसू? मला वर न्या." लगेच जीप काढायचं ठरलं. सयाजीराव, चिमाबाई आणि तेजस्विनी, तिघं निघाले.

खाली गावात दाट धुकं होतं. रस्ता वळणं घेत चढू लागला तसं धुकं पातळ होईल असं सयाजीरावांना वाटलं. झालं उलटंच. वरच्या वस्तीच्या अलीकडच्या वळणावर जळक्या रबराचा वास नाकात घुसला. चिमाबाईंनी पदर तोंडाला लावला. समोरची घरं राखाडी पडद्यामागे असल्यासारखी दिसत होती. गोठ्यातली म्हैस खोकत होती.

"हितं एवढा धूर?" सयाजीराव पुटपुटले. "कुठनं येतोय?"

"आत्या, तुम्ही कोंडामावशीकडे चला," तेजस्विनी म्हणाली. "मामा, तुम्ही दोन मिनिटं माझ्याबरोबर या."

वस्तीच्या मागे एक टेकाड होतं. ती पुढे आणि सयाजीराव मागे, असे दोघं चढले. थोडं वर गेल्यावर एकदम हवा मोकळी झाली. ऊन लागलं, आणि खाली गारठा होता तरी इथं अंगाला ऊब जाणवली. सयाजीरावांनी मागे वळून पाहिलं.

करंजदरा दिसतच नव्हता! एका डोंगरापासून दुसऱ्या डोंगरापर्यंत करड्या धुराची सपाट चादर ताणलेली होती. त्यांच्या गुऱ्हाळाच्या धुराड्यातून काळा धूर सरळ वर येत होता, एका उंचीला येऊन छताला आपटावा तसा थबकत होता आणि मग आडवा होऊन हळूहळू सरकत होता. सरकत सरकत तो कुठं जात होता, हे विचारायची गरज नव्हती. त्या उंचीवर एकच जागा होती. वरची वस्ती!

सयाजीरावांनी धुराड्यापासून वस्तीपर्यंत हवेत बोट फिरवलं.

"हे झाकण, मामा," तेजस्विनी हलक्या आवाजात म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. "आधी धूर खाली गावात कोंडायचा, आपण सगळे थोडा थोडा गिळायचो. आता धुराडी वाढवली आणि तो नेमका यांच्या दारात नेऊन सोडला. आपण डोंगर हलवू शकत नाही, थंडीत वारा आणू शकत नाही. आपल्या हातात एकच होतं, काय जाळायचं ते."

"आरं देवा!" सयाजीराव एवढंच म्हणाले. "तो मला सांगत व्हता. माझ्यासमोर उभा राहून सांगत व्हता!"

खालून चिमाबाईंची हाक आली. ती हाक नव्हती, किंकाळी होती.

कोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. खांदे वर उचलले जात होते, पण आत हवा जात नव्हती. बोलायचा प्रयत्न केला की नुसता शीळ घातल्यासारखा आवाज यायचा. तिचा दम वाढल्यानं सावळेराम त्या दिवशी कामावर गेला नव्हता; त्याच्या मदतीनं सयाजीरावांनी तिला उचललं आणि जीपमध्ये ठेवलं. वाटेत तिचं डोकं चिमाबाईंच्या मांडीवर होतं. चिमाबाई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या आणि सारखं म्हणत होत्या, "आलंच मंचर. आलंच बघ."

डॉक्टरांनी शर्थ केली. संक्रांत गेली, आणखी काही दिवस गेले, आणि एका दुपारी कोंडाबाई गेली. डॉक्टर म्हणाले की दमा जुनाच होता, फक्त धुरानं झालं असं म्हणता येणार नाही. पण या हवेनं तिच्या छातीला सावरायला उसंत दिली नाही, हेही ते म्हणाले. सयाजीरावांनी पहिलं वाक्य ऐकलंच नाही. दुसरं मात्र त्यांना आयुष्यभर पुरलं.

कोंडाबाईला मंचरला नेलं त्या सकाळपासूनच त्यांचं गुऱ्हाळ बंद होतं. तेराव्यानंतर त्यांनी सगळ्या गुऱ्हाळवाल्यांना आणि वीटभट्टीवाल्यांना मारुतीच्या देवळात बोलावलं.

"रबराचं जळण पयल्यांदा गावात मी आणलं," ते म्हणाले. "धुराडं बी मीच उंच केलं. तुमी माझं बघून केलं. आता माझं बघून बंद करा."

"हंगामाच्या मधीच?" भिमाजी उसळला. "तुमचं मन दुखावलं, आमाला बी वाईट वाटतंय. पर काहिलीत रस हाय, सयाजीराव! आमी उसाचं काय करायचं?"

"माझी बी हीच भाषा व्हती, भिमाजी. हंगाम संपू दे. कोंडाबाईचा हंगाम आधी संपला." "उद्या सकाळी वर टेकाडावर चला. मी सांगत न्हाई काही. फक्त उभं ऱ्हा आन् बगा. मग ज्याला जाळायचं असंल त्यानं जाळावं."

काही जण गेले, काही गेले नाहीत. जे गेले ते परत येऊन विचारू लागले, मग जाळायचं काय? तेजस्विनीनं त्यांना बसवून समजावलं की इथून पुढची चिपाडं न विकता नीट वाळवली, चुलवणाला हवा नीट मिळाली तर काळा धूर निघत नाही. हंगाम संपेपर्यंत निम्म्या गुऱ्हाळांनी रबर बंद केलं. भिमाजीनं केलं नाही. पुढच्या दिवाळीत त्याच्या घरात नातवंड आलं, त्याचीही छाती वाजू लागली, तेव्हा त्यानंही रबराचा टेम्पो दारातून परत पाठवला. माणूस ऐकतो, पण फार उशिरा ऐकतो.

त्या पहिल्याच हंगामाच्या शेवटी रबर बंद झाल्याचं सांगायला सयाजीराव एकटेच वरच्या वस्तीवर गेले. कोंडाबाई गेल्यापासून सावळेराम कामाला आला नव्हता. तो ओट्यावर बसून नाचणीची कणसं झोडत होता. सयाजीराव खाली मातीतच बसले.

"सावळेराम, रबर बंद केलं. गावातल्या निम्म्यांनी बी केलं. बाकीचे करतील."

"चांगलं केलं, आण्णा."

"मला माफ कर म्हनायला मला तोंड न्हाई. तू सांगितलं व्हतंस. मी म्हनलं, तुमच्या चुलीचा धूर असंल."

सावळेरामचा हात थांबला.

"तुमी आणलं, आण्णा. पर जाळ मीच घातला," तो म्हणाला. "रोज सकाळी तिचा दम ऐकून खाली यायचो आन् दिवसभर तेच रबर टाकायचो. मला कळत व्हतं. तुमाला कळत नव्हतं, एवढाच फरक."

"तुझा काय दोष? तुला पोटाची काळजी व्हती. तुला न्हाई म्हनायची सोय मी ठेवली नव्हती. दोष ज्याच्या हातात जाळ बंद करणं व्हतं त्याचा."

सावळेरामनं उठून आतून पाण्याचा तांब्या आणला आणि सयाजीरावांच्या हातात दिला. सयाजीराव प्यायले. आज वरच्या वस्तीवरून सूर्य लख्ख दिसत होता. हवेत रानगवताचा वास होता. सावळेराम घरात बघत म्हणाला, "असा दिवस तिला एक जरी मिळाला असता, आण्णा."

सयाजीरावांना रडू आवरलं नाही.

पुढे काही वर्षांनी शेजारच्या गावांतले गुऱ्हाळवाले त्यांच्याकडे सल्ला विचारायला यायचे. सयाजीराव आधी त्यांना आपल्या गावाची माती, डोंगर, वारा बघायला सांगायचे. कुठल्या महिन्यात वारा पडतो, धूर कुठं साचतो, उतारावर कुणाची घरं आहेत, हे विचारायचे. कोणी म्हणालं की एवढा हंगाम जाऊ द्या, तर ते ताडकन उठायचे आणि म्हणायचे, "मग माझ्याकडं कशाला आला? हंगाम फिरून येतो, मानूस येत न्हाई."

आपण शेताला बांध घालतो, घराला भिंत घालतो. हवेला मात्र दोन्ही घालता येत नाही. आपल्या दारातून हाकललेला धूर दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जातो, आणि ते दार बहुतेक वेळा आपल्यापेक्षा गरिबाचं असतं. डोंगर आणि ऋतू आपल्या सोयीनं वागत नाहीत. त्यांना ओळखून आपणच वागायचं असतं. आणि ज्याला त्रास होतो तो येऊन सांगतो, तेव्हा त्याच दिवशी ऐकायचं असतं. सयाजीरावांनी ऐकलं, पण कोंडाबाईला त्याचा उपयोग झाला नाही.